नित्यपाठ बायबलचा

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतील मराठी माणसाला रोजच्या पाठाची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. सज्जनगडाच्या परिसरात दासबोधाचा रोज एक समास वाचणारी घरे आहेत. वीस दशकांचे दोनशे समास संपले की पुन्हा पहिल्यापासून आरंभ होतो. औदुंबरच्या वाटेवर गुरुचरित्राचा सप्ताह करणारे भेटतात. आणि माण तालुक्यातील गोंदवल्याच्या ब्रह्मचैतन्य महाराजांच्या (१८४५-१९१३) प्रवचनांचे पुस्तक तर वर्षाच्या प्रत्येक तारखेला एक पान अशा रीतीनेच बांधलेले आहे. सकाळी स्नान झाले की त्या दिवसाचे पान उघडायचे, वाचायचे आणि कामाला लागायचे. काय वाचावे, हा प्रश्नच उरत नाही. तो तारखेने सोडवलेला असतो.

याच गावांत, याच वेळी, एखाद्या कॅथलिक घरातही एक पुस्तक उघडले जाते आणि तेथेही उतारा तारखेने नेमलेला असतो. शेजाऱ्यांना ख्रिसमसचा केक आणि खिडकीतील तारा ठाऊक असतो. ही रोजची गोष्ट बहुधा ठाऊक नसते. बायबल हे कोठेही उघडावे आणि बोट पडेल ते वाचावे अशी कॅथलिक परंपरा नाही. आजचा उतारा साताऱ्यात जो आहे तोच मनिलात आणि तोच रोममध्ये असतो. एखादा स्थानिक सण किंवा संतदिन आला तरच फरक पडतो.

ही समानता या दोन जिल्ह्यांत जरा अधिक मोलाची ठरते, याचे कारण संख्येत आहे. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातील ख्रिस्ती लोकसंख्या एक टक्क्याच्या आत आहे. सातारा-सांगलीत ते प्रमाण त्याहूनही कमी. त्यातही मिरजेची ख्रिस्ती ओळख प्रामुख्याने प्रॉटेस्टंट आहे. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये उभारलेल्या रुग्णालयामुळे आणि अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनमुळे ती घडली. कॅथलिकांसाठी हे दोन्ही जिल्हे १८८६ साली स्थापन झालेल्या पुणे धर्मप्रांतात येतात. पाचगणीत ‘डॉटर्स ऑफ द क्रॉस’ या संघाच्या धर्मभगिनींची सेंट जोसेफ शाळा १८९५ पासून आहे. पण चर्च मोजकी आणि अंतरे मोठी. नोकरीनिमित्त जतला किंवा दहिवडीला राहणाऱ्या कुटुंबाला रविवारची मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य सामुदायिक उपासना, गाठणे हाच एक प्रवास. रोजच्या मिस्सेचा विचारही करता येत नाही. अशा घरात नेमलेला उतारा वाचणे म्हणजे दूरच्या चर्चमध्ये आपली जागा राखून ठेवण्यासारखे असते.

हे नेमणे होते कसे, ते पाहण्यासारखे आहे. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपूर्वी मिस्सेतील वाचने एकाच वर्षाच्या चक्रात फिरत. ती लॅटिनमध्ये होत आणि त्यांत जुन्या कराराला फार थोडी जागा होती. परिषदेने धर्मग्रंथाचे भांडार श्रद्धावंतांसाठी अधिक मोकळे करावे असे ठरवले आणि १९६९ मध्ये नवा वाचनक्रम आला. त्यात रविवारचे चक्र तीन वर्षांचे आहे. पहिल्या वर्षी मुख्यतः मत्तयचे शुभवर्तमान, दुसऱ्या वर्षी मार्कचे, तिसऱ्या वर्षी लूकचे. योहानाचे शुभवर्तमान ईस्टरच्या आगेमागे सर्वच वर्षी येते. ज्या सनाला तीनने नि:शेष भाग जातो ते लूकचे वर्ष, इतका हा हिशेब सोपा आहे. मात्र हे वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. नाताळाआधी चार रविवार येणाऱ्या आगमनकाळात, म्हणजे नोव्हेंबरअखेरीस किंवा डिसेंबरच्या आरंभी, नवे पान उलटते.

इतर वारांचा क्रम वेगळा. सामान्य काळात शुभवर्तमानाचे उतारे दरवर्षी तेच असतात: आधी मार्क, मग मत्तय, मग लूक. पहिले वाचन मात्र सम आणि विषम सनाप्रमाणे बदलते. त्यामुळे सलग दोन वर्षे रोज वाचणाऱ्याला संदेष्ट्यांचे आवेश, राजांच्या कथा, पौलाची पत्रे आणि सुज्ञपणाचे ग्रंथ या सर्वांची ठळक ओळख होते. पहिल्या वाचनानंतर स्तोत्रसंहितेतील एक स्तोत्र येते. त्याचे धृपद सर्वांनी म्हणायचे असते. कीर्तनात टाळकऱ्यांनी ध्रुवपद उचलावे तसे. रविवारी व मोठ्या सणांना यांत आणखी एका वाचनाची भर पडते. शुभवर्तमानाच्या वेळी सगळे उभे राहतात आणि अंगठ्याने कपाळावर, ओठांवर आणि छातीवर लहानसा क्रूस काढतात. ऐकलेले शब्द बुद्धीत, वाणीत आणि हृदयात राहोत, असा त्याचा अर्थ. घरी एकट्याने वाचणारी आजीही ही खूण सोडत नाही.

वाचून झाल्यावर काय? बाराव्या शतकात गिगो नावाच्या मठवासीयाने पवित्र वाचनाच्या चार पायऱ्या सांगितल्या. आधी वाचन, मग मनन, मग प्रार्थना आणि शेवटी शब्दांपलीकडची निवांत स्थिती. श्रवण, मनन आणि निदिध्यासन हे शब्द परिचित असणाऱ्या वाचकाला ही मांडणी परकी वाटणार नाही. उतारा लहान घ्यावा, सावकाश वाचावा, एखादे वाक्य अडले तर तेथेच थांबावे, ही त्यातील व्यवहारी सूचना. किती पाने झाली याला महत्त्व नाही. पारायणाची समाप्ती, उद्यापन असा भागही येथे नाही. साम्य दाखवताना हा फरक झाकू नये. आणखी एक फरक मोठा आहे. कॅथलिक श्रद्धेत ग्रंथवाचन हे मिस्सेच्या अर्ध्या भागासारखे आहे, दुसरा अर्धा भाग वेदीवरील भाकरीचा. घरातील वाचन त्या वेदीकडे तोंड करून केलेले असते. रविवारच्या मिस्सेला उपस्थित राहणे हे कर्तव्य मानले आहे. रोजचे वाचन गृहस्थावर सक्तीचे नाही. धर्मगुरूंवर मात्र दिवसाच्या ठरावीक प्रहरांची प्रार्थना बंधनकारक असते.

वाचनाच्या जोडीला येतात संत. कॅथलिक दिनदर्शिकेतील बहुतेक संतांचा दिवस हा त्यांच्या मृत्यूचा किंवा त्याच्या आसपासचा दिवस असतो. त्या दिवसाला प्राचीन चर्चने ‘जन्मदिवस’ म्हटले, स्वर्गातील जन्माचा. माघ वद्य नवमीला सज्जनगडावर दासनवमी साजरी करणाऱ्या आणि मार्गशीर्षात पुण्यतिथीसाठी गोंदवल्याला जाणाऱ्या भाविकाला हा विचार सहज उमगेल. अपवाद थोडे आहेत. येशू आणि त्याची माता मरिया यांच्याखेरीज बाप्तिस्मा देणारा योहान याचाच तेवढा जन्म, २४ जूनला, साजरा होतो. वसईत जन्मलेला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत क्रूसावर मारला गेलेला गोन्सालो गार्सिया १८६२ मध्ये संत घोषित झाला. महाराष्ट्राच्या भूमीतील या संताचे स्मरण फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात होते.

संतांचे शहाणपण म्हणजे सुभाषितांचा संग्रह, अशी एक समजूत मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांनी करून दिली आहे. परंपरेत त्याचा अर्थ अधिक खोल आहे. संत म्हणजे तो, ज्याने एखादा उतारा ऐकला आणि तो आपल्यालाच उद्देशून आहे असे समजून तसा जगला. इजिप्तमधील अँथनी हा तिसऱ्या शतकातील श्रीमंत घरचा तरुण. चर्चमध्ये शिरला तेव्हा येशूने धनिक युवकाला सर्वस्व विकायला सांगितल्याचा प्रसंग वाचला जात होता. अँथनीने घरी येऊन जमीन वाटून टाकली आणि पुढे वाळवंट गाठले. त्याचे चरित्र अथनेशियसने लिहिले. ते चरित्र वाचून कोणाकोणाची आयुष्ये पालटली, हे इटलीतील मिलानमध्ये एका परिचिताने ऑगस्टीनला सांगितले. त्यानंतर त्याच दिवशी, ३८६ साली, ऑगस्टीनने एका बागेत पौलाचे पत्र उघडले आणि दोलायमान मनाचा हा विद्वान कायमचा स्थिरावला.

या साखळीचा आणखी एक दुवा महाराष्ट्राच्या उंबरठ्यापर्यंत येतो. १५२१ च्या मे महिन्यात पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडलेला इग्नेशियस हा स्पॅनिश सरदार लोयोलाच्या वाड्यात पडून होता. वेळ घालवायला त्याने शौर्यकथा मागितल्या; घरात सापडली ती ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रे ही दोन पुस्तके. नाइलाजाने वाचलेल्या त्या पुस्तकांतून पुढे येशूसंघ जन्माला आला. दिवसातून दोनदा थांबून आजच्या दिवसात देव कोठे भेटला आणि आपण कोठे चुकलो हे तपासण्याची त्याची पद्धत आजही असंख्य कॅथलिक घरांत रात्रीच्या प्रार्थनेत वापरली जाते. त्याच संघातील थॉमस स्टीफन्स हा इंग्रज १५७९ मध्ये गोव्यात उतरला.

स्टीफन्सचे ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ मराठी वाचकाला भाषेच्या गोडव्यासाठी ठाऊक असतो. त्याच्या निर्मितीचे कारण मात्र कमी जणांना आठवते. ग्रंथाच्या आरंभीच एक नवख्रिस्ती श्रोता पाद्रीला विचारतो, की आमची पूर्वीची पुराणे बंद झाली, आता वाचायला-ऐकायला दुसरे काही द्याल की नाही? धर्मशिक्षणाचे प्रश्नोत्तर पाठ होते, पण त्याने तहान भागत नव्हती. रोज ओवीने उजाडणाऱ्या समाजाला ओवीच हवी होती. पुढे एतिएन द ला क्रुवा या फ्रेंच पाद्रीने संत पीटरवर पुराण रचले आणि १६५५ मध्ये आंतोनियु द साल्दान्य याने पादुवाच्या संत अँथनीची जीवित्वकथा मराठीत आणली. हा अँथनी वर उल्लेखिलेल्या वाळवंटातील अँथनीहून वेगळा, तेराव्या शतकातील फ्रान्सिस्कन उपदेशक. म्हणजे बायबलची कथा आणि संतांची चरित्रे ही आजच्या कॅथलिक नित्यपाठाची दोन्ही अंगे साडेतीनशे वर्षांपूर्वीच मराठी छंदात उतरलेली होती.

हा ओघ पुढे तुटला. १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्थानिक भाषेचा वापर मोडून काढण्याचा हुकूम काढला. ख्रिस्तपुराणाच्या सतराव्या शतकातील छापील प्रती आज उपलब्ध नाहीत. हस्तलिखिते उरली, १९०७ मध्ये मंगळूरला रोमन लिपीत आवृत्ती निघाली आणि देवनागरीत हा ग्रंथ पुण्याहून प्रसिद्ध व्हायला १९५६ साल उजाडले. दरम्यान सामान्य कॅथलिक माणसाच्या हाती उरली ती जपमाळ. तिला कमी लेखण्याचे कारण नाही. माळेच्या प्रत्येक दशकाबरोबर येशू व मरिया यांच्या जीवनातील एक प्रसंग ध्यानात धरायचा असतो आणि ते प्रसंग जवळजवळ सगळे शुभवर्तमानातले आहेत. २००२ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांत पाच प्रसंगांची भर घातली. निरक्षर आईने मुलांना बायबल शिकवले ते या मण्यांवरच.

साताऱ्याचे नाव या इतिहासात वेगळ्या वाटेने येते. रेव्हरंड नारायण वामन टिळक कॅथलिक नव्हते. ते अमेरिकन मराठी मिशनमध्ये होते. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी संन्यास घेतला, साताऱ्यात मुक्काम ठोकला आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तेथे येशूच्या शिष्यत्वाचे दार उघडे होते. १९१९ च्या मे महिन्यात त्यांचे निधन झाले आणि त्यांचे अपुरे ख्रिस्तायन लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. ख्रिस्तभक्तीला अभंग आणि कीर्तन ही घरची वस्त्रे घालण्याचा टिळकांचा आग्रह कॅथलिक चर्चला अधिकृतपणे पटायला आणखी निम्मे शतक जावे लागले. स्थानिक भाषेत उपासना करण्याची मोकळीक व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये दिली. पुढे तुकारामांच्या ईश्वरानुभवावर प्रबंध लिहिणारे थॉमस डाबरे हे २००९ ते २०२३ या काळात पुणे धर्मप्रांताचे, म्हणून सातारा-सांगलीचेही, बिशप होते. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ २०१० मध्ये आले. त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि बायबल मराठी वाचकाच्या सामान्य ग्रंथसंग्रहात जाऊन बसले. दिब्रिटो २०२४ मध्ये निवर्तले.

सतराव्या शतकातील फ्रान्सिस द सेल्स हा संत या संदर्भात विशेष आठवावा. १६०९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने भक्ती ही मठातच शक्य आहे ही समजूत खोडून काढली. सैनिकाची भक्ती वेगळी, कारागिराची वेगळी, विवाहितेची वेगळी, आणि जी भक्ती आपापल्या कर्तव्याच्या आड येते ती खोटी, असे त्याचे म्हणणे. प्रपंच नेटका करून परमार्थ साधावा, ही समर्थांची आणि गोंदवलेकर महाराजांची शिकवण ज्या मातीत रुजली तेथे हा युरोपीय बिशप शेजारी वाटावा. (चर्चने त्याला पत्रकारांचा आश्रयदाता संत नेमले आहे.)

एवढे सगळे असूनही या दोन जिल्ह्यांतील कॅथलिक घराला एक अडचण येते, आणि ती अगदी साधी आहे. पुस्तकात उतारा सापडत नाही. प्रॉटेस्टंट बायबलमध्ये सहासष्ट पुस्तके असतात, कॅथलिक बायबलमध्ये त्र्याहत्तर. तोबीत, यहुदीथ, सिराख, बारूख, शलमोनाचे ज्ञान आणि मक्काबींची दोन अशी सात पुस्तके कॅथलिक चर्च धर्मग्रंथ मानते. १५४६ मध्ये ट्रेंट येथील परिषदेने ती यादी पक्की केली. जेथे ख्रिस्ती समाज प्रामुख्याने प्रॉटेस्टंट आहे, तेथे सहज मिळणारे, नातलगाने भेट दिलेले किंवा सुनेने माहेरून आणलेले मराठी बायबल बहुधा सहासष्ट पुस्तकांचे असते. आणि विषम सनांत नेमकी ही गाळलेली पुस्तके पहिल्या वाचनात पुन्हा पुन्हा येतात. नोव्हेंबरात तर एक आठवडा शलमोनाच्या ज्ञानाचा आणि पुढचा मक्काबींचा असतो. धर्म सोडण्यापेक्षा मरण पत्करणारा वृद्ध एलाजार आणि डोळ्यांदेखत सात पुत्र गमावणारी माता त्या आठवड्यात भेटतात. ज्या घरात पुस्तक अपुरे, त्या घराचा हा आठवडा कोरा जातो. फोनवर उतारा मिळतो खरा, पण तो सहजी मिळतो इंग्रजीत. इंग्रजी शाळेतील नातवाला त्याने फरक पडत नाही. मराठी वाचणारी आजी मात्र रोजच्या वाचनातून हळूच बाजूला होते. कॅथलिक मराठी भाषांतरे आहेत. ती वसई-पुण्याकडून मुद्दाम मागवावी लागतात, एवढेच.

त्यातही तोबीतचे पुस्तक हुकणे हे नुकसानच. देशोधडीला लागलेल्या आपल्या लोकांची बेवारस प्रेते पुरणारा हा धार्मिक माणूस, पक्ष्यांची विष्ठा डोळ्यांत पडून आंधळा होतो. बायको विणकाम करून घर चालवते. एके दिवशी मजुरीवर खूश होऊन मालक तिला एक करडू बक्षीस देतात. आंधळा नवरा करडाचा आवाज ऐकतो आणि ते चोरीचे आहे असे म्हणून तिला परत करायला लावू पाहतो. ती संतापते, आणि तुमच्या दानधर्माचे काय झाले हे आता दिसतेच आहे, असे त्याला सुनावते. धर्मग्रंथात इतके ओळखीचे भांडण क्वचितच असेल. हा उतारा ६ जून २०२३ रोजी जगभर वाचला गेला. २०२५ मध्ये ईस्टर उशिरा आल्याने सामान्य काळाचा नववा आठवडाच गळाला आणि तोबीत आलाच नाही. २०२७ मध्ये ईस्टर २८ मार्चला आहे. त्या हिशेबाने करडावरून झालेले हे भांडण मंगळवार, १ जून २०२७ रोजी पुन्हा वाचले जाईल. ज्यांच्या घरी सहासष्ट पुस्तकांचे बायबल आहे, त्यांच्या हाती तोवर अवधी आहे.